अक्षराची कॅसेट

"तुला इंग्लिश गाण्यातलं एक अक्षर तरी कळतंय का गं?" असं माझ्या माहेरची माणसं चेष्टेनं विचारायची. एक कळायचं. पहिलं. त्या एका अक्षरावर मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत जन्मभर दुकान चालवलं, मुलीला शिकवलं आणि आमच्या ह्यांच्या मरगळलेल्या रेडिओ दुरुस्तीलाही चार चांगले दिवस दाखवले. आता दुकान बंद आहे, हातात वेळ आहे आणि संपादकांनी लिहा म्हणून गळ घातली आहे. तेव्हा मोठेपणा सांगितल्यासारखा वाटला तर वाटू दे. मोठेपणा आहेच.

दुकानाचं नाव शैला रेकॉर्डिंग. शैला म्हणजे मी. खाली टेलर, वर आम्ही. मागच्या खोलीत आमचे हे, शशिकांत, लोकांचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर उघडून बसायचे. पुढच्या काउंटरवर मी आणि दोन कॅसेट डेक. ज्या मुलांनी कॅसेट पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. गिऱ्हाईक आपल्या आवडीची गाणी सांगायचं, ती आमच्याकडच्या कॅसेटवरून कोऱ्या कॅसेटवर उतरवून द्यायची. गाणं जेवढा वेळ वाजतं तेवढाच वेळ ते उतरायला लागतो, घाई करून चालत नाही. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. खरी कसोटी बाजू संपताना. टेप संपत आली आणि गाणं राहिलं तर शेवट तुटतो. अशी तुटक्या शेवटाची कॅसेट देणारे पुष्कळ होते. माझ्याकडची शेवटची गाणी कधी तुटली नाहीत, कारण मी आधी मिनिटांची बेरीज करून मगच बटण दाबायची.

इंग्लिश गाणी आमच्याकडे दुरुस्तीच्या दारानं आली. आखातातून सुट्टीला आलेली माणसं बिघडलेला टेप आणून टाकायची आणि आत कॅसेट तशीच राहिलेली असायची. टेप दुरुस्त झाला का बघायला तीच वाजवायची. मला अर्थ लागायचा नाही, पण चाल लागायची. पुढं पणजीहून येणाऱ्या एका पाहुण्यांकडून मी मागवायला लागले आणि बघता बघता कपाट भरलं. आता ती लावायची कशी? गायकाच्या नावानं लावावी तर त्यांचं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं ह्यातच माझा दिवस जायचा. दोन गिऱ्हाइकं एकाच गायकाचं नाव दोन तऱ्हेनं घ्यायची आणि दोघंही मलाच चूक ठरवायची. शेवटी मी गाण्याच्या नावाचं पहिलं अक्षर धरलं. ते कव्हरवर छापलेलंच असतं, त्यात वाद नाही. सुरुवातीला 'द' असेल तर तो मोजायचा नाही, लग्नपत्रिकेवरच्या 'श्री'सारखा सोडून द्यायचा.

असं कपाट लावल्यावर मला ह्या लोकांचा स्वभाव कळला. 'आय'चा कप्पा सगळ्यांत आधी भरला, कारण गोऱ्यांची निम्मी गाणी 'मी'नंच सुरू होतात. आपल्याकडे एवढा मीपणा केला तर लोक तोंडावर हसतील. 'एल'मध्ये सगळं प्रेम. 'डब्ल्यू'मध्ये नुसते प्रश्न, का आणि कुठं आणि केव्हा. 'डी' उघडला की नको, करू नकोस, जाऊ नकोस, रडू नकोस. 'क्यू', 'एक्स', 'झेड' म्हणजे दुष्काळी पट्टा. 'यू'सुद्धा कोरडाच, खालचं, वरचं, तोपर्यंत असल्या अर्थाच्या शब्दांनी सुरू होणारी मोजकी गाणी. तिकडे मी फारशी फिरकायची नाही.

एकदा होस्टेलवरचा एक डॉक्टरकीचा मुलगा आला. कपाटाकडे बराच वेळ बघून म्हणाला, "ताई, सगळी 'एम'नं सुरू होणारी गाणी एका कॅसेटवर देता का?" मी म्हटलं, देते की, पण का? तो कानापर्यंत लाल झाला. तेव्हा कळलं. ती आमची पहिली अक्षराची कॅसेट. महिन्याभरात अख्ख्या होस्टेलला वाचा फुटली आणि मग गावाला. कुणाला 'एस' पाहिजे, कुणाला 'के', कुणाला 'व्ही'. चिठ्ठी लिहायची छाती नव्हती आणि लिहिली तर सापडायची भीती. कॅसेटवर काय सापडणार? तिच्या अक्षराची दहा-बारा इंग्लिश गाणी! घरच्यांना वाटायचं, पोरगं इंग्लिश सुधारतंय.

ह्या धंद्याचा एक नियम मी पहिल्या दिवसापासून पाळला. एका गिऱ्हाइकाचं अक्षर दुसऱ्याला सांगायचं नाही. शाहूपुरीतले एक गुळाचे मोठे व्यापारी एकदा स्वतः जिना चढून आले. दम लागलेला, टोपी हातात.

"वहिनी, आमचं पोरगं तुमच्याकडनं कसलं अक्षर घिऊन गेलंय?"

"क्यू," मी म्हटलं.

ते खुर्चीत बसले. ओळखीतल्या सगळ्या लेकी मनातल्या मनात मोजून झाल्या असाव्यात. "क्यूवरनं पोरीचं नाव काय असतंय वो?"

"ते तुम्हीच बघा आता," म्हटलं आणि पाणी दिलं. पोरानं नेलेलं अक्षर दुसरंच होतं, आणि त्या अक्षराची मुलगी पुढं त्याच घरात सून म्हणून आली. व्यापाऱ्यांना माझी लबाडी कळली तेव्हा ते रागावले नाहीत. त्या घरातून अजून संक्रांतीला गूळ येतो.

आता मुख्य गोष्टीकडे यायचं तर आमच्याकडची एक पद्धत सांगायला पाहिजे. लग्नात लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. त्या क्षणापासून ती त्या नावाची. नाव सासरच्यांनी ठरवलेलं असतं, बहुतेक नवऱ्याच्या नावाला जुळणारं. नवरदेव मंडळी अक्षराची कॅसेट लग्नाच्या आधी सांगायला यायची आणि त्या नवीन नावाचं अक्षर सांगायची. म्हणजे कोल्हापुरातल्या कितीतरी मुली उद्या कोणत्या अक्षराच्या होणार, हे त्यांच्याआधी मला माहीत असायचं. मीही हसून कॅसेट बांधून द्यायची.

कॅसेट गेल्या, सीडी आल्या, त्याही गेल्या. शेवटची काही वर्षं आम्ही लोकांच्या जुन्या कॅसेट पेन ड्राइव्हवर उतरवून द्यायचो. अक्षराची मागणी मात्र अधूनमधून यायची. पोरांना मी विचारायची, अरे तुमच्या फोनमध्ये सगळं असतंय, माझ्याकडे कशाला? तर म्हणायची, काकी, फोन हजार गाणी दाखवतोय, त्यातली बरी कुठली ते कोण सांगणार?

रणजित त्यांतलाच. शिवाजी पेठेतला, एका तालमीच्या संघाकडून फुटबॉल खेळणारा, उद्यमनगरात कारखान्यात सुपरवायझर. त्याचे वडील बाजीराव माझं जुनं गिऱ्हाईक. लग्नात त्यांनी बायकोचं नाव शोभा ठेवलं आणि माझ्याकडून 'एस'ची कॅसेट नेली. बाजीराव आता नाहीत.

"काकी, 'आर'चा सेट पायजे. लग्न हाय माझं," रणजित म्हणाला. "आमच्या घरात नाव आनि गाणी जोडीनंच येत्यात. आईनं रेवती ठरवलंय. कार्यालयात जेवणं चालू असताना लावायचा, मग लक्ष्मीपूजन. तिला कायबी सांगितलेलं न्हाय. सरप्राइज!"

'आर' चांगलं अक्षर. पळणं, पाऊस, आठवण, सगळं त्यात येतं. मी निवडायला घेतलं.

त्याच आठवड्यात एक मुलगी आली. प्राजक्ता. जयसिंगपूरकडची, फिजिओथेरपिस्ट, बोलायला मोकळी.

"मला 'पी'चा सेट हवाय. होणाऱ्या नवऱ्याला द्यायचाय, लग्न झाल्यावर. तो रोज गाडीत गाणी ऐकतो. म्हटलं, माझं अक्षर ऐकू दे की रोज." आणि मग काउंटरवर वाकून, "त्यांच्या घरात नाव बदलतात. मी त्याला सांगितलंय, मला माझं नाव आवडतं. तो 'बघू' म्हणाला. बघू म्हणजे काय असतं हो, काकू?"

नवऱ्याचं नाव विचारल्यावर ती रणजित म्हणाली, पेठेतला, तालमीकडून खेळणारा. माझ्या हातातला पेन ड्राइव्ह हातातच राहिला. 'आर'चा अर्धा सेट समोरच्या कॉम्प्युटरवर उघडा होता. मी तो मिटला. हिला सांगावं तर जन्मभराचा नियम मोडतो, न सांगावं तर ही पोर हसत हसत त्या ताटापुढं जाऊन बसणार. "गाणी तुम्हीच निवडा, मला तुमच्यावर भरवसा आहे," असं म्हणून ती गेली. तो भरवसा मला दिवसभर टोचत राहिला.

रणजित पुढं चौकशीला आला तेव्हा मी त्याला बसवलं. प्राजक्ताचा शब्दही काढला नाही. नुसतं विचारलं, "काय रे, नाव बदलायचं तिला विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? विचारलं तर सरप्राइज कसलं?"

"मलापण सरप्राइजच होतं," मी म्हटलं.

"म्हंजे?"

"मी काय जन्माची शैला न्हाय. गडहिंग्लजची उज्ज्वला मी. शाळेत नावापुढं पहिला नंबर लागायचा, फळ्यावर लिहायचे माझं नाव. लग्नात ताटावर वाकून बघितलं तर तांदळात शैला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं ताट माझ्याम्होरं आलंय."

तो हसायला गेला आणि थांबला.

"सगळ्या गावाला अक्षर करून दिलं मी, रणजित. 'यू'ची कॅसेट आजपातुर एक केली न्हाय. मागायला कोण आलंच न्हाय."

"पण काकी, आईनं ठरवलंय. बाबा गेल्यापासनं पयलंच कार्य हाय घरातलं. तिचं मन कसं मोडू?"

आईचं मनही खरंच होतं. तो मान खाली घालून जिना उतरून गेला. मागच्या खोलीत ह्यांचं तारांना कथलाचा डाग देणं थांबलं आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं. आमचे हे मुळातच मितभाषी. रेडिओ बोलके करून करून स्वतः मुके झाले असं मी म्हणते.

दोन्ही सेट कॉम्प्युटरवर तयार झाले, ते पेन ड्राइव्हवर ह्यांनी उतरवले. 'आर'चा न्यायला शोभाताई स्वतः आल्या. मी तेव्हा बँकेत गेले होते, ह्यांनी दिला. प्राजक्ताचा लग्नानंतर न्यायचा होता म्हणून ड्रॉवरमध्ये राहिला.

लग्नाला आम्हा दोघांनाही आग्रहाचं बोलावणं होतं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, साउंडवाल्यानं पेन ड्राइव्ह लावला. जिलबीचा पहिला तुकडा मी मोडला आणि पहिलं गाणं सुरू झालं. गाणं 'पी'चं होतं. म्हटलं, नसेल, माझा कान म्हातारा झाला असेल. दुसरंही 'पी'चं. माझ्या दुकानातून कधी नव्हे ते चुकीचं अक्षर गेलं होतं, तेही लग्नाच्या कार्यालयात. मी ह्यांच्याकडे बघितलं. ते शांतपणे मठ्ठा पीत होते.

"अहो, अक्षर चुकलंय!"

"जेव आधी," ते म्हणाले.

वराच्या पंगतीत रणजितच्या कपाळावर आठी पडली होती. तोही बाजीरावांचा मुलगा, कान तयार. तो उठून साउंडवाल्याकडे जायला निघाला तेवढ्यात तिसरं गाणं लागलं आणि शेजारी बसलेल्या प्राजक्तानं मुंडावळ्या बाजूला सारून वर बघितलं. काय बोलली ते मला पुढं तिच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, "पी? माझं अक्षर लावलंस तू?" तिचे डोळे भरून आलेले मला लांबूनही दिसले. रणजित उभाच राहिला. मग त्यानं साउंडवाल्याकडे न जाता पुन्हा पाटावर बैठक मारली.

हल्ली लक्ष्मीपूजनही कार्यालयातच उरकतात. ताट आलं. भटजींनी तांदूळ सारखे केले, शोभाताईंनी अंगठी काढून मुलाच्या हातात दिली. आम्ही बायका भोवती गोळा झालो. माझं काळीज इतकं धडधडत होतं की लग्न माझंच असावं.

"लिही की रे," शोभाताई म्हणाल्या.

रणजित तांदळावर अंगठी टेकवून थांबला. एकदा माझ्याकडे बघितलं. मग लिहायला लागला. अक्षर वाकडंतिकडं, तांदूळ सरकत होते, 'क्त' लिहिताना तर सगळं ताटच हललं. पण नाव पुरतं झालं. प्राजक्ता.

"हे काय रं?" शोभाताईंचा आवाज सगळ्या कार्यालयात गेला. "आपलं काय ठरलंतं?"

"आई, तिचं नाव चांगलं हाय. ऱ्हाऊ दे."

कुणीतरी साउंड बंद केला. शोभाताई ताटाकडे बघत राहिल्या, मग सुनेकडे. प्राजक्ताच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती पुसतही नव्हती. आता ह्या बाई काय बोलतात म्हणून मी पुढं सरकले.

"ह्याच्या बाबांनी मला कॅसेट दिली तवा मला गाण्यातलं कायबी कळलं न्हाय," त्या म्हणाल्या. "पर माझ्यासाठनं आणलीया, एवढं कळलं. तेवढ्यावर संसार केला मी." मग पदर खोचून मागं वळल्या. "बघताय काय सगळी? प्राजक्ता तर प्राजक्ता. पेढे वाटा की! आनि ती गाणी का बंद केली वो, पावणं? लावा!"

अशी बाई विरळा. त्या क्षणी मी त्यांना मनातून नमस्कार केला.

तरी दुकानाची चूक मला स्वस्थ बसू देईना. दुसऱ्या दिवशी जाऊन पहिल्यांदा ड्रॉवर उघडला. 'पी' कार्यालयात गेला असेल तर अदलाबदल होऊन इथं 'आर' असायला हवा. प्राजक्तासाठी ठेवलेला पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. त्यातही 'पी'. दोन्हीत 'पी'च. 'आर'चा सेट कॉम्प्युटरवर जसाच्या तसा, कुणी कुठं उतरवलाच नव्हता.

हे मागच्या खोलीत कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टेपचं हेड पुसत होते.

"अहो, दोन्हीत 'पी' कसा आला?"

"आला असंल."

"आपल्या दुकानातनं अशी चूक कधी गेल्ती का?"

"चूक न्हाय ती," ते म्हणाले. बोळा ठेवला, चष्मा काढला. "त्या पोरीचं बोलणं मला आत ऐकू आलं होतं, आणि त्या दिवशी तू पोराला सांगत होतीस तेही मी ऐकलं. दुसऱ्या कुणाचं ताट वाटलं म्हणालीस. मला आईनं अंगठी दिली, नाव सांगितलं, मी लिहिलं. तुझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाय. बघायचं असतंय हे कुणी सांगितलंच न्हाय मला."

एवढी वाक्यं आमच्या संसारात त्यांनी एका दमात पहिल्यांदाच उच्चारली. मला राग यायला हवा होता, दुकानाचा नियम मोडला म्हणून. आला नाही. मी तिथंच स्टुलावर बसून रडले आणि त्यांनी मला तो स्पिरिटचा वास मारणारा कापूस डोळे पुसायला दिला. माणूस चांगला आहे, पण बेताचा.

चार दिवसांनी म्हणाले, "पाटी बदलू या का? पेंटरला सांगतो. उज्ज्वला रेकॉर्डिंग."

"काही गरज न्हाय," मी म्हटलं. "नाव तुम्ही दिलं असंल, पर कमावलं मी. शैला रेकॉर्डिंग म्हटल्यावर पार गडहिंग्लजपातुर लोकांना कळतंय. ती पाटी माझी हाय."

हे मी मनापासून म्हटलं. शैला ही बाई मला आवडते. तिनं धंदा केला, व्यापाऱ्यांना क्यूच्या मागं लावलं, कितीतरी लग्नं तिच्या गाण्यांवर जमली. तिला मी का पुसू?

प्राजक्ता तिचा पेन ड्राइव्ह न्यायला आली तेव्हा आनंदानं फुलली होती. "काकू, त्यानं आपणहून 'पी' सांगितला होता ना तुम्हाला? आमचं दोघांचं एकच अक्षर! तुम्ही त्या दिवशी काहीच बोलला नाहीत!" मी म्हटलं, गिऱ्हाइकाचं अक्षर दुसऱ्याला सांगत नाही मी. ती हसली. नियम कामाला आला. रेवतीचा सेट मात्र कुणी न्यायला आलं नाही.

ह्या वर्षी आम्ही दुकान बंद केलं. ह्यांचे हात थरथरतात, माझे गुडघे जिना चढू देत नाहीत. आवराआवर करताना एक कोरी कॅसेट सापडली, वेष्टनसुद्धा न फोडलेली. एक डेक मी विकला नव्हता. दुपारी बसले, 'यू'चा कप्पा काढला. गाणी थोडीच, पण एका बाजूपुरती निघाली. मिनिटांची बेरीज केली, शेवटचं गाणं पुरतं बसेल असं बघितलं आणि बटण दाबलं. अर्थ अजूनही कळत नव्हता. चाल गोड होती.

निम्मी बाजू झाली असेल, तेव्हा मागच्या खोलीतून आवाज आला. "उज्ज्वला, चहा झालाय."

मी मान वर केली नाही. वाटलं, खाली टेलरकडे कुणी गिऱ्हाईक कुणाला तरी बोलावतंय. त्या नावाची बाई आमच्या घरात नव्हतीच ना कधी.

"उज्ज्वला!" पुन्हा आवाज आला. म्हातारा, घोगरा, जरा लाजलेला.

"आले," मी म्हटलं, आणि टेप तशीच चालू ठेवून उठले.